फिनर्टीसाहेबांचे मृत्युलेख

जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यात छत्र्या साठत जातात, तसे हे किस्से साठतात. कोणती छत्री कोण विसरून गेलं ते आठवत नाही, टाकून द्यायला मन होत नाही, आणि उघडायला जावं तर निम्म्यांच्या काड्या मोडलेल्या. माझ्याजवळच्या छत्र्या सगळ्या एकाच माणसाच्या आहेत. आमची ही म्हणते, "तुम्हाला सांगता येत नाहीत हो. तुम्ही शेवट आधी सांगता, आणि मग 'असंच झालं होतं ना?' म्हणून मलाच विचारता!"

खरं आहे. पण चार मित्र जमले की कोणीतरी म्हणतंच, "डॉक्टर, तुमचा तो आयरिश काढा!" तर काढतो. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या. कारण खरं-खोटं करून घ्यायला त्यातलं आता कोणी उरलेलं नाही.

०

साठच्या दशकाची सुरुवात. मी लंडनहून अर्थशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन आलो होतो आणि पुण्यात घरी बसून होतो. तेवढ्यात कळलं, लोणावळ्यात कोणी फिनर्टी नावाचा आयरिश माणूस कारखान्यांना सल्ला देण्याचा धंदा करतो आणि त्याला असिस्टंट हवाय. वडील म्हणाले, "सल्ला तर मी तुला जन्मभर फुकट देतोय. तू कधी घेतलास?"

गेलो. उंच, वाकलेला माणूस. कार्डिगनचं एक बटण तुटलेलं, बूट ओले. लोणावळ्यातच का राहता, असं मी धीर करून विचारलं. म्हणाले, "पैसा मुंबईत आणि कारखाने पुण्याकडे. मी मधे बसतो. शिवाय इथला पाऊस आमच्या गावच्यासारखाच आहे. उगाच पडतो."

माझा प्रबंध मी टेबलावर ठेवला. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. मग कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "तुम्ही काल वारलात. तुमचा मृत्युलेख लिहा. अर्धा तास."

मी लिहिलं. जन्म, शाळा, स्कॉलरशिप, लंडन, डॉक्टरेट. पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून पूर्णविराम दिला.

त्यांनी वाचलं. "अरेरे," म्हणाले, "डॉक्टरेट मिळाली त्याच दिवशी गेलात की! सोमवारपासून या."

०

हे मृत्युलेखांचं वेड त्यांना डब्लिनहून आलेलं. तिथल्या एका वर्तमानपत्रात ते तरुणपणी नोकरीला होते आणि त्यांच्याकडे खातं होतं मेलेल्यांचं. म्हणजे खरं तर जिवंतांचंच! मोठी माणसं जिवंत असतानाच त्यांचे मृत्युलेख लिहून ड्रॉवरमध्ये ठेवायचे. माणूस गेला की तारीख घालायची आणि छापायचं.

एकदा घोटाळा झाला. एका बिशपचा लेख चुकून दुसऱ्याच कोणाच्या जागी छापून आला. बिशप ठणठणीत! सकाळी त्यांचा फोन. संपादकाने रिसीव्हर फिनर्टींच्या हातात दिला.

पलीकडून शांत आवाज आला, "तुमच्या लेखात दोन चुका आहेत. दुसरी म्हणजे माझ्या आईचं नाव."

०

पुढे पेपर सोडून ते कंपन्यांचे सल्लागार झाले, देशोदेशी हिंडले, पण पद्धत तीच ठेवली. कोणत्याही कारखान्यात गेले की आकडे मागायचे नाहीत, मशिनं बघायची नाहीत. आधी सगळ्या डायरेक्टरांना एका खोलीत बसवायचे आणि म्हणायचे, "सद्गृहस्थहो, तुमची कंपनी वारली. कशाने वारली?"

त्यांचं म्हणणं असं, की जिवंत कंपनीबद्दल सगळे खोटं बोलतात. मेलेलीबद्दल मात्र प्रत्येकाला खरं कारण माहीत असतं. ते कारण लिहून काढा, आणि ते घडू देऊ नका. झाला सल्ला!

पुण्यात एका पंप बनवणाऱ्या शेठजींकडे आम्ही गेलो. साहेबांनी नेहमीचा प्रश्न टाकला. शेठजी ताडकन उठले. "सकाळच्या पारी काय अभद्र बोलता!" म्हणत तरातरा निघून गेले. आम्ही चहा घेत बसलो. मला वाटलं, गेलं हे काम. साहेब ढिम्म.

शेठजी आले ते ओल्या केसांनी. घरी जाऊन आंघोळ करून आले होते! खुर्चीत बसले, दार लावून घ्यायला सांगितलं आणि हळूच म्हणाले, "माझ्या मेव्हण्याने."

०

साहेबांच्या बंगल्याची राखण गोविंद आबा करायचे. मूळचे मळवलीचे. भाताची थोडी खाचरं होती, ती मुलगा बघायचा. आबा बंगल्याची झाडलोट, स्वयंपाक, दिवाबत्ती सगळं सांभाळायचे. साहेब मराठी शिकले ते आबांकडून. पण झालं असं, की आबा साहेबांशी बोलताना बिचकायचे. मोकळं बोलायचे ते फक्त बंगल्याच्या कुत्र्याशी आणि जावयाशी. त्यामुळे साहेबांना मराठी आली ती कुत्र्याशी आणि जावयाशी बोलायची! जगात 'तुम्ही' म्हणून काही असतं याचा त्यांना पत्ताच नव्हता.

एका मोठ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये चेअरमन शेजारच्याला मराठीत म्हणाले, "हा गोरा काय सांगणार आपल्याला? बोलू दे, जेवण घालू आणि घालवून देऊ."

साहेबांनी मान वर केली. "जेवान नगं," म्हणाले. "तू आधी गप बस. हितं लय घाण झालीया, ती कोन काढणार? तुजा बा?"

चेअरमन खुर्चीत मागे रेलले. ते काम आम्हाला दोन वर्षं पुरलं.

०

पेपर का सोडला, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. खंडाळ्याकडून चालत येत होतो. धुकं इतकं, की ते दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता.

त्यांच्या गावात एक कापडगिरणी होती. ती बंद पडली. साहेबांचे वडील तिथेच कामाला होते. साहेबांनी तिच्यावर मोठा लेख लिहिला. घराघरात वाचला गेला. चर्चमध्ये वाचला. बायका रडल्या. गिरणीच्या मालकाने तो कापून फ्रेम करून दिवाणखान्यात लावला आणि साहेबांना जेवायला बोलावलं. "फार सुंदर लिहिता तुम्ही," म्हणाला.

"गेलात?" मी विचारलं.

"गेलो. भूक लागली होती." मग धुक्यातून ते म्हणाले, "पेपर लाखभर लोक वाचतात आणि काही होत नाही. रिपोर्ट तीन माणसं वाचतात आणि गावं उठतात किंवा तगतात. म्हणून म्हटलं, रिपोर्ट लिहू."

०

आता वराळ्याचं. हे लोकांना फारसं आवडत नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वराळ्याजवळ एनॅमलच्या भांड्यांचा एक कारखाना होता. पांढरे टोप, निळ्या कडांचे मग, दवाखान्यातली ताटं. जमीन गावकऱ्यांची. ज्याची जमीन गेली त्याच्या घरातल्या एकाला नोकरी, असा करार. गोविंद आबांचा जावई महादू त्यातलाच. आबांची मुलगी, तिची पोरं, सासू-सासरे, सगळं घर त्या एका पगारावर. जमीन तर गेलेलीच होती.

आणि बाजारात स्टीलची भांडी आली. एनॅमल कोणी घेईना.

कारखान्याचे मालक, मुंबईचे धाकटे शेठ, गॉगल लावून आमच्याकडे आले. कारखाना चालवावा की बंद करावा, सल्ला द्या म्हणाले. साहेबांनी काम घेतलं. त्या दिवशी आबांनी आमटीत मीठच घातलं नाही. वाढताना म्हणाले, "सायब, त्या कारखान्याला झालंय काय?"

"मरतोय त्यो, आबा."

"औशीद हाय का न्हाई?"

"हाय. भांडी सोडायची. पत्र्याच्या पाट्या करायच्या, दुकानांच्या, रस्त्यांच्या. रेल्वेला लय लागतात. पन शेठ पैसा घालंल तर."

"आन न घालंल तर?"

साहेबांनी मीठ मागून घेतलं.

०

साहेबांची पद्धत अशी, की मृत्युलेख तयार झाला की तो कारखान्यातच सगळ्यांसमोर वाचायचा. ऐकून माणसं चवताळतात. "असं कसं मरंल?" म्हणत उठतात, भांडतात, उपाय सांगतात. त्या रेट्याने मालकही हलतो. पुण्यात हे चाललं होतं. साहेबांना वाटलं, वराळ्यातही चालेल.

लेखाची मराठी मी केली. चांगलीच केली होती, म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. कँटीनमध्ये सगळे जमले. शेठ खुर्चीवर. मी उभा राहून वाचलं, "वराळे येथील एनॅमल कारखान्याचे काल सकाळी अल्पशा आजाराने निधन झाले. आजार लोखंडाचा होता, गंज न लागणाऱ्या. त्याच्या पश्चात दोनशे कामगार, एक चिमणी आणि गेलेली जमीन असा परिवार आहे."

वाचून थांबलो. कोणी चवताळलं नाही. दाराशी बसलेल्या झाडूवाल्या मावशींनी पदर तोंडावर ओढला. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. मग एकेक जण उठला आणि बाहेर गेला.

साहेब माझ्याकडे बघत होते. मी कागदाकडे.

दुसऱ्या दिवशी कळलं. तिथली भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. थंड पडली की आतल्या विटा तडकतात, आणि नवी बांधायची म्हणजे कारखानाच नवा काढण्यासारखं. ती भट्टी विझली होती!

आम्ही जीपने धावलो. गेटबाहेर झाडाखाली सगळे मांडी घालून बसलेले. झेंडा नाही, घोषणा नाही. साहेब ओरडले, "भट्टी कोनी विझवली रं?"

महादू उठला. "कोनी न्हाई विझवली, सायब. पेटती ठिवली न्हाई फकस्त. मयताच्या घरात चूल पेटवत्यात व्हय?"

"आरं, जित्ता हाय कारखाना! मी खोटं लिवलं!"

महादूने त्यांच्याकडे नीट बघितलं. "खोटं लिवता? मंग शेठ तुमाला पैसं कशाचं देतो?"

मागे कोणीतरी हसलं. फार वाईट हसणं होतं ते.

ते खरोखरच सुतक पाळत होते, की सरणावर तुम्हीच ठेवलंत असं आम्हाला दाखवून देत होते? मी सगळं आयुष्य माणसांच्या आर्थिक वर्तनाचा अभ्यास केला. मला हे अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी शेठचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "मिस्टर फिनर्टी, थँक यू! मी बंद केला असता तर प्रत्येकाला भरपाई द्यावी लागली असती. यांनी स्वतःच बंद केला. व्हॉट अ मेथड!" पाठोपाठ एक विलायती दारूची बाटलीही पाठवली. साहेबांनी ती बागेत गुलाबाच्या मुळाशी ओतली.

चार दिवसांनी आबा म्हणाले, "सायब, गुलाब बी गेला."

०

प्रकरण पुण्याला लेबर कोर्टात गेलं. भट्टी कामगारांनी मुद्दाम विझवली, तेव्हा भरपाई नाही, असं शेठचं म्हणणं. साक्षीला शेठच्याच वकिलाने फिनर्टींना बोलावलं. बोलावणारच! शेठचेच सल्लागार ते. त्यांच्यानंतर माझा नंबर होता.

वकील म्हणाला, "भट्टी कोणी बंद केली?"

"मी बंद करायला लावली," साहेब म्हणाले.

वकिलाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर.

"तुम्ही लेखी ऑर्डर दिली होती?"

"मालकाच्या समोर मृत्युलेख वाचायला लावला. माझ्या धंद्यात याहून स्पष्ट ऑर्डर नसते."

"पण तुम्ही तर दुसऱ्या दिवशी कामगारांना सांगितलंत, की तो खोटा आहे!"

"हो," साहेब म्हणाले. "तेव्हा मला भीती वाटली होती."

बाकावर बसलेले कामगार हललेसुद्धा नाहीत. वकिलाने मला बोलावलंच नाही. बोलावलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

०

भरपाई मिळाली. थोडी मिळाली, आणि घराघरात ती आजारपणात, लग्नात संपली. पाट्या कोणी केल्या नाहीत. कारखान्याचे पत्रे भंगारात गेले. महादू खाणीवर खडी फोडायला लागला. फुफ्फुसं गेली त्याची. चाळिशीही गाठली नाही त्याने.

ज्या सल्लागाराने मालकाविरुद्ध साक्ष दिली, त्याला कोण काम देणार? सुतक पुण्या-मुंबईच्या ऑफिसांनी आमचं पाळलं. पुढच्या पावसाळ्याआधी साहेबांनी बंगला सोडला. कोणी म्हणे नैरोबीला गेले, कोणी म्हणे परत आपल्या गावी. मी पुढे कॉलेजात शिकवायला लागलो. जिथे जिथे परदेशी पेपर येतात त्या लायब्रऱ्यांमधून बरीच वर्षं त्यांचा मृत्युलेख शोधला. सापडला नाही. स्वतः लिहायला बसलो, तर तारखेपाशीच अडलो.

०

एक किस्सा मात्र मधला राहिला. ही म्हणते तो शेवटी सांगत जा, म्हणून ठेवला होता. भट्टी विझल्यानंतरचा, आणि कोर्टाच्या आधीचा.

आबा एका सकाळी म्हणाले, "सायब, आज धा दिस झालं, कारखान्याचा धावा हाय. इंद्रायणीवर. लोकं म्हनली, सायबाला बी बोलवा."

मी साहेबांना म्हटलं, जाऊ नका. मारतीलसुद्धा. त्यांनी बूट चढवले.

नदीकाठी सगळा कारखाना जमलेला. काहींनी खरोखर डोकी भादरलेली. निळ्या कडेच्या एनॅमलच्या ताटलीत भाताचा पिंड ठेवला होता. समोर उंबरावर कावळे बसलेले. एकही खाली येईना.

मी साहेबांना हळूच समजावलं, की गेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. मग मागे राहिलेल्यांनी ती पुरी करायचा शब्द द्यायचा.

महादू पुढे झाला. "तुजी पोरं शाळंतनं काडनार न्हाई." कावळे ढिम्म.

झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, "म्हाताऱ्यांना बगू आमी." नाही.

एक जण ओरडला, "शेठचं बी बरं हू दे!" त्यावर सगळा काठ हसला. कावळे एक फांदी वर गेले!

ऊन चढलं. मग गोविंद आबा वळले. इतक्या वर्षांत त्यांनी साहेबांच्या डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं. तेव्हा बघितलं.

"सायब, तुमी बोला. तुमीच लिवलंय."

मला वाटलं, आता साहेब इंग्रजीत काहीतरी छान म्हणतील. ते खाली बसले. ओले बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी ताटलीपाशी गेले. हात जोडायची सवय नव्हती त्यांना, ते तसेच खाली सोडून उभे राहिले. आणि बोलायला लागले. इंग्रजी नव्हतं ते, मराठीही नव्हतं. त्यांच्या गावची, त्यांच्या आईबापांची भाषा असावी. बराच वेळ बोलले. आवाज कुठेही चढला नाही. मधे एकदा थांबले, घसा साफ केला, पुन्हा बोलले.

उंबरावरून एक कावळा उतरला. सरळ पिंडावर.

लोक उठले, कपडे झटकले, नदीत हातपाय धुवायला गेले. साहेब दगडावर बसून मोजे चढवत होते. आबा त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"सायब, काय कबूल केलं त्याला?"

साहेबांनी बुटाची नाडी बांधली. "तुला न्हाई सांगनार, आबा," म्हणाले. "तू पाळाया लावशील."